हायडेलबर्गला दोन तास पुरत नाहीत

बोईसर-पालघर पट्ट्यातून युरोपला जाणे आता पूर्वीइतके नवलाचे राहिलेले नाही. तारापूरच्या कारखान्यांत आयुष्य काढलेली जोडपी निवृत्तीनंतर 'दहा दिवसांत सहा देश' करून येतात. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला आहे, अशी घरेही आता गल्लोगल्ली सापडतात. आल्यावर फोटो दाखवले जातात, चॉकलेटे वाटली जातात. पण एखाद्या जुन्या शहराबद्दल जरा खोलात जाऊन विचारले की गाडी अडते. किल्ला होता, पूल होता, नदी होती, खूप स्वच्छता होती. त्यापुढे काही नाही.

दोष जाणाऱ्यांचा नाही. सहल आखण्याच्या आपल्या पद्धतीचा आहे. आपण ठिकाणांची यादी करतो आणि ती संपवतो. ऐतिहासिक शहराला जाताना यादीच्या आधी प्रश्न ठरवायला हवेत, असे माझे मत आहे. हे शहर माझ्या भाषेला, माझ्या मातीला कुठे शिवते? या शहराने काय भोगले? आणि या शहराने इतरांना काय भोगायला लावले, ते ते लपवते की सांगते?

हे सगळे आत्ता लिहायचे कारण साधे आहे. माझ्या बहिणीचा मुलगा जर्मनीत मॅनहाइम शहरी नोकरी करतो. 'खाला, यंदा मे महिन्यात याच' म्हणून त्याने आग्रह धरला आहे. मॅनहाइमपासून हायडेलबर्ग रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांवर, म्हणजे बोईसरहून पालघर गाठण्याइतकेच. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. माझ्यासारखीला या दोन्ही भाषा एकत्र भेटतील असे शहर युरोपात शोधायचे झाले, तर ते हायडेलबर्गच. चौकशीसाठी एका सहल कंपनीच्या दुकानात गेले, तर त्यांच्या कार्यक्रमात हायडेलबर्गला दोन तास होते. किल्ला, मोठे पीप, पूल आणि परत बसमध्ये.

आधी उमरा की आधी जर्मनी?

आमच्या समाजात अशी सहल ठरली की पहिला प्रश्न हाच येतो. पैसे साठले आहेत तर उमरा करा, तिकडे काय ठेवले आहे? प्रश्न प्रेमाने विचारला जातो आणि त्याला उत्तर द्यायला हवे. हजचे पैसे वेगळे ठेवलेले आहेत आणि त्यांना हात लागणार नाही, हे घरात ठरलेले आहे. पण सैर ही चैन आहे आणि इबादतीच्या विरुद्ध आहे, ही समजूत मला मान्य नाही. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआन एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा सांगते. उर्दूतला 'सैर' आणि 'सीरत' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. चालणे आणि वागणे यांचे मूळ एक आहे. चालताना डोळे उघडे ठेवले तर वागणे बदलते, असा मी त्याचा अर्थ लावते.

मात्र ही मुभा डोळे उघडे ठेवणाऱ्याला आहे. दोन तासांत किल्ला उरकणाऱ्याला 'आधी उमरा का नाही?' हा प्रश्न खुशाल विचारावा.

नदीकाठचा विद्यार्थी

१९०७ च्या उन्हाळ्यात केंब्रिजहून एक तरुण जर्मन शिकायला हायडेलबर्गला आला. वय तिशीच्या उंबरठ्यावर, नाव मुहम्मद इक्बाल. 'सारे जहाँ से अच्छा' लिहून त्याला तीनच वर्षे झाली होती. त्याला जर्मन शिकवणाऱ्या तरुणीचे नाव एमा वेगेनास्ट. पुढे म्युनिक विद्यापीठाने त्याला इराणी तत्त्वज्ञानावरच्या प्रबंधासाठी डॉक्टरेट दिली. नेकार नदीच्या काठावरच्या संध्याकाळीवर त्याने लिहिलेली छोटीशी उर्दू कविता 'बांग-ए-दरा'त आहे. तो राहिला त्या घरावर आज पाटी आहे आणि नदीकाठच्या एका रस्त्याला त्याचे नाव आहे.

इक्बाल हे नाव आपल्याकडे आता सहज उच्चारता येत नाही, हे मला वर्गात रोज जाणवते. १९३० च्या अलाहाबादच्या भाषणानंतरचे त्यांचे राजकारण भारतीय मुसलमान म्हणून मलाही पटत नाही. पण २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या विद्वत परिषदेने त्यांच्यावरचा पाठच अभ्यासक्रमातून काढायचा ठराव केला, तेव्हा मला वाटले, ज्याच्याशी मतभेद आहे त्याला वाचायचे नाही, तर मतभेद तरी कशाच्या आधारावर करायचा? हायडेलबर्गला इक्बाल यांच्या राजकारणाशी देणेघेणे नाही. आपल्याकडे एक परदेशी विद्यार्थी आला, त्याने आपल्या नदीवर आपल्याला न समजणाऱ्या भाषेत लिहिले, एवढे त्या शहराला रस्त्याला नाव देण्यासाठी पुरेसे वाटले.

भाषेच्या शिक्षकांसाठी इथे आणखी एक गंमत आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन १८७८ मध्ये हायडेलबर्गला राहिला होता. जर्मन भाषेतल्या लिंगांवर त्याने इतका त्रागा केला की तो लेख आजही हसत हसत वाचला जातो. जर्मनमध्ये 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी कसा, हे इंग्रजी माणसाला पचत नाही. मराठी माणसाला त्यात काय विशेष? आपण 'ते पोरगं' म्हणतोच की. उर्दूत दोनच लिंगे, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना मराठीतले तिसरे लिंग सुरुवातीला छळते. ते एकदा अंगवळणी पडले की जर्मनचे निम्मे भय गेले, असे मी त्यांना सांगते. भाचा म्हणतो, 'खाला, तिथल्या क्लासात मराठी शाळेचाच फायदा झाला.'

खंडोबाचा जर्मन अभ्यासक

दुसरा धागा मराठीचा. हायडेलबर्ग विद्यापीठात १९६२ मध्ये दक्षिण आशिया संस्था स्थापन झाली. गुंथर सोन्थायमर हे तिथले अभ्यासक. महाराष्ट्रातल्या धनगरांच्या वाड्या, बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या मागे त्यांनी आयुष्य घालवले. १९७६ मध्ये या दैवतांवर त्यांचे जर्मन पुस्तक आले, पंढरपूरच्या वारीवर त्यांनी चित्रपटही केला. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. गावोगाव मेंढपाळांच्या तोंडून ओव्या ऐकून त्या टिपून ठेवणारा हा माणूस मराठी वाचकाला अनोळखी असू नये.

मला त्यांच्या कामाचे मोल वेगळ्या कारणाने वाटते. खंडोबाला मल्लूखान म्हणतात, जेजुरीच्या परंपरेत मुसलमान भक्तांची जागा आहे, या गोष्टी आपल्या गावगाड्याला ठाऊक आहेत. शहरी वादावादीत मात्र त्या हरवतात. सोन्थायमर यांच्यासारखे अभ्यासक ग्रंथांबरोबर वाड्यावस्त्यांवरच्या माणसांनाही प्रमाण मानत, म्हणून अशा गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. दक्षिण आशिया संस्थेच्या दारात पाच मिनिटे उभे राहून यायचे, हे माझ्या यादीत किल्ल्याच्या वर आहे.

किल्ला कोणाचा?

किल्ला बघायचा नाही असे नव्हे. तो बघायचाच, पण त्याची गोष्ट ऐकून. चौदाव्या लुईच्या फ्रेंच सैन्याने १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये हायडेलबर्ग उद्ध्वस्त केले, किल्ल्याचे बुरूज सुरुंगाने उडवले. १७६४ मध्ये उरल्यासुरल्यावर वीज पडली. मग गावकरी घरे बांधायला तिथले दगड नेऊ लागले. ही लूट थांबवण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले तो शार्ल द ग्रँबेर्ग स्वतः फ्रेंच होता. ज्यांनी किल्ला पाडला, त्यांच्याच देशाचा माणूस तो वाचवायला उभा राहिला. त्याला कोणी 'तुझा काय संबंध?' असे विचारले असेलही. आज मात्र शहर त्याला कृतज्ञतेने आठवते.

हा प्रश्न मला ओळखीचा आहे. मी मुलांना वसईचा किल्ला दाखवायला नेते, तारापूरच्या तटबंदीजवळ उभी करते. पोर्तुगीजांनी हे कसे बांधले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे कसे आले, ते सांगते. एखादा भेटतोच, जो माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे बघून विचारतो, 'तुम्हाला यात एवढा रस कसा?' वारसा रक्ताने मिळत नाही, तो राखणाऱ्याचा होतो. ग्रँबेर्गची गोष्ट मला यासाठी हवी आहे. पुढच्या वेळी उत्तर द्यायला उपयोगी पडेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या किल्ल्यावर मोठा वाद झाला: पुन्हा नवा बांधायचा की पडका राखायचा? फ्रीडरिखची इमारत तेवढी दुरुस्त केली गेली, बाकीचे अवशेष आहेत तसे सांभाळायचे ठरले. जखम झाकायची नाही, ती चिघळूही द्यायची नाही. आपल्याकडे डागडुजी म्हटली की सिमेंटची घमेली आणि रंगाचे डबे आठवतात. त्या मानाने हा धडा मोठा आहे.

आणि ते मोठे पीप? १७५१ मधले, दोन लाख वीस हजार लिटरच्या आसपास दारू मावणारे. आम्हाला त्याचा उपयोग नाही, पण आकार बघून यायला हरकत नाही.

दोन मशिदी

हायडेलबर्गपासून दहा किलोमीटरवर श्वेत्सिंगेन नावाचे गाव आहे. तिथल्या राजवाड्याच्या बागेत अठराव्या शतकाच्या अखेरीस राजा कार्ल थिओडोरने एक मशीद बांधली. घुमट आहे, दोन मिनार आहेत, भिंतींवर अरबी वचने आहेत. नमाज मात्र तिथे व्हायची नव्हती, कारण आसपास मुसलमानच नव्हते. पूर्वेच्या शहाणपणाची आठवण म्हणून, बागेची शोभा म्हणून ती उभारली.

दुसरी मशीद मॅनहाइमची, १९९५ मध्ये उघडलेली. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. ते कारखान्यांत राबले, राहिले, त्यांची नातवंडे तिथे जन्मली. त्यांनी वर्गणी काढून, परवानग्यांसाठी झगडून ही मशीद उभी केली. शेजारीच कॅथलिक चर्च आहे. राजाने हौसेने बांधलेल्या मशिदीला कोणी अडवले नाही. कामगारांच्या मशिदीला मात्र आधी बरेच प्रश्न विचारले गेले.

माणसांशिवाय संस्कृती सगळ्यांना आवडते. बिर्याणी आवडते, गझल आवडते, कमानींचे फोटो आवडतात. ती संस्कृती जगणारी माणसे शेजारी भाड्याने घर मागायला आली की चेहरे बदलतात. हा अनुभव जर्मनीचा आहे, आपल्या हाउसिंग सोसायट्यांचाही आहे. म्हणून श्वेत्सिंगेन आणि मॅनहाइम ही दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत बघायला हवीत. एक बघून दुसरे सोडले तर अर्धेच कळेल.

भांडण फक्त धर्माधर्मांतच असते असेही नाही. हायडेलबर्गच्या भर बाजारातल्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये १७०६ पासून १९३६ पर्यंत मधोमध भिंत होती. एका बाजूला प्रोटेस्टंट, दुसऱ्या बाजूला कॅथलिक. छप्पर एक आणि येशू एक, तरी मध्ये भिंत. आपल्या मसलकी वादांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

दारावरचे अक्षर आणि पायाखालचे नाव

हायडेलबर्ग विद्यापीठ १३८६ चे. आजच्या जर्मनीतले सर्वांत जुने. त्याच्या नव्या इमारतीच्या दारावर, १९३१ मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा, ही वास्तू जिवंत आत्म्याला अर्पण असल्याचे शब्द कोरले होते. ते शब्द सुचवणारे प्राध्यापक फ्रीडरिख गुंडोल्फ ज्यू होते. नाझी सत्तेवर आले आणि तिथला एक शब्द बदलला. 'जिवंत'च्या जागी 'जर्मन' आले. त्याच विद्यापीठाच्या चौकात मे १९३३ मध्ये पुस्तकांची होळी झाली. ज्यू प्राध्यापकांना काढून टाकले गेले. नोव्हेंबर १९३८ मध्ये शहरातले सिनेगॉग जाळले गेले. २२ ऑक्टोबर १९४० रोजी बाडेन आणि शेजारच्या प्रांतांतल्या साडेसहा हजारांहून अधिक ज्यूंना एका दिवसात घरांतून उठवून फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत पाठवले गेले. हायडेलबर्गचे ज्यूही त्यांत होते.

युद्धानंतर दारावरचा जुना शब्द परत कोरला गेला. शहराच्या फुटपाथवर आज जागोजागी पितळेचे दहा सेंटिमीटरचे छोटे चौकोन बसवलेले आहेत. गुंटर डेमनिग या कलावंताने ही कल्पना काढली. प्रत्येकावर एक नाव, जन्मसाल, कधी नेले आणि पुढे काय झाले. हे दगड त्या माणसाच्या शेवटच्या घरासमोर असतात. वाचायचे तर मान खाली घालावीच लागते.

सहल कंपनीच्या दोन तासांत हे बसत नाही. मला मात्र हायडेलबर्गला जायचे सर्वांत मोठे कारण हेच वाटते. सुसंस्कृत, पुस्तके वाचणारे, संगीत ऐकणारे शहरसुद्धा एका शब्दाच्या बदलाने कुठे जाऊन पोहोचते, हे तिथे दगडावर लिहिलेले आहे. आणि लाज वाटावी असा इतिहास पाटी लावून सांगितला म्हणून त्या शहराची मान खाली गेलेली नाही, हेही तिथेच दिसते. इतिहासाचा अभिमान बाळगायला सगळेच शिकवतात. इतिहासाचा हिशेब ठेवायला शिकवणारी ठिकाणे थोडी आहेत.

व्यवहाराच्या चार गोष्टी

ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांच्यासाठी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुंबईत मे महिन्यासाठी गर्दी असते, तेव्हा परीक्षेचे पेपर तपासायच्या आधीच तारीख घ्या. प्रौढांसाठी फी ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा लागतो. शिक्षकांनी शाळेचे ना हरकत पत्र आणि रजेची मंजुरी वेळेत मागावी. त्या एका कागदासाठी चार चकरा होतात. मुंबई-फ्रँकफर्ट थेट विमान आहे आणि तिथून हायडेलबर्ग रेल्वेने साधारण तासाभरावर. विमानतळ गाठायला डहाणू लोकलवर विसंबू नका.

तिकडे मे महिन्यात सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. मगरिबनंतरचे जेवण फार उशिरा होते, हे घरातल्या ज्येष्ठांना आधी सांगा. बकरी ईद सध्या मे-जूनच्या आसपास येते, तेवढे कॅलेंडर बघून तिकीट काढा. हलाल जेवणाची चिंता नको, तुर्की दुकाने भरपूर आहेत. रविवारी बाजार बंद असतो, सामान शनिवारीच भरा.

मुक्काम दोन रात्रींचा ठेवा. पहिल्या दिवशी जुने गाव: विद्यापीठाचे दार, दंगेखोर विद्यार्थ्यांना कोंडायची जुनी कोठडी, भिंत गेलेले चर्च, १७८८ चा दगडी पूल, आणि संध्याकाळी नेकारचा काठ. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, दुपारी श्वेत्सिंगेन. शुक्रवार हाताशी असेल तर जुम्मा मॅनहाइमला. गुडघे साथ देत असतील तर तत्त्वज्ञांच्या वाटेवर चढून पलीकडून शहर बघा.

परत आल्यावर

अशी सहल संपते ती घरी आल्यावर. पालघरला १४ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांचे स्मारक गावात आहे, दर वर्षी त्यांना अभिवादन होते. आपल्यालाही नावे जपता येतात, याचा तो पुरावा आहे. पण तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तिथली शाळा कुठे होती, विहीर कुठे होती, कोणाचे घर कोणाशेजारी होते, हे आमच्या वर्गातल्या किती मुलांना सांगता येईल? जर्मनीतल्या त्या संहाराशी याची तुलना होऊच शकत नाही आणि मी करतही नाही. विस्थापितांना इथे पर्यायी वस्ती मिळाली, तिथे माणसे मारली गेली. पण नाव लिहून ठेवण्यासाठी कोणी मरायलाच हवे असे थोडेच आहे?

म्हणून जूनमध्ये शाळा उघडली की नववीच्या मुलांना प्रकल्प द्यायचा ठरवले आहे. आपल्या आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारायचे, की इथे आता नसलेली कोणती जागा, कोणते माणूस लक्षात राहायला हवे? तीन ओळी लिहायच्या. पहिली नाव, दुसरी साल, तिसरी काय झाले. उर्दूत आणि मराठीत, दोन्ही लिपींत. कोळ्यांची मुले असतील, आदिवासी पाड्यांवरच्यांच्या आठवणी असतील, उत्तरेतून कामाला आलेल्यांची घरेही असतील. सगळ्यांची नावे एका भिंतीवर लागतील.

हे करण्यासाठी जर्मनीला जायलाच हवे का? नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी डहाणू लोकलने विरार गाठून वसईचा किल्ला बघावा, हेच तीन प्रश्न घेऊन. आणि ज्यांना परवडते त्यांनी खुशाल हायडेलबर्गला जावे. फक्त दोन तासांसाठी नको.